अर्धी ओळ

माझा भाऊ अल्फियस लॉकेट तीन वर्षं चर्चमध्ये गायला नाही, आणि त्याला कारण त्याचा स्वतःचा मुलगा. हे मी आधीच सांगून टाकते, कारण आमच्या गिलियड चर्चमध्ये लोक अजून कुजबुजतात आणि मला कुजबुजीचा मनस्वी तिटकारा आहे. मी वर्नेल. अल्फियसची बहीण, जार्व्हिसची आत्या.

आमच्या चर्चमध्ये वाद्य नाही. पियानो नाही, ऑर्गन नाही, ढोल तर नाहीच. जुन्या बाप्टिस्टांची ही रीत: देवाने गळा दिलाय, तेवढा पुरे. आमच्याकडे गीत उचलायचं काम अल्फियसचं; तो चर्चचा डीकन, सेवक. तो उभा राहून ओळ भरभर म्हणून टाकायचा, आणि मग सगळं चर्च तीच ओळ हळूहळू ओढत न्यायचं, इतकं हळू की परक्या माणसाला वाटावं ही मंडळी रडताहेत. ‘वाट लांब आहे, प्रभू, पण पुढे तू चालतोस’ हे त्याचं गीत. आमची आई गेली तेव्हा त्याने तेच उचललं होतं. ते दुसऱ्या कुणी उचलावं असं कुणाच्या मनातही आलं नाही.

जार्व्हिसला लहानपणापासून दोन वेडं. बापाच्या ट्रकमध्ये वाजणारी कंट्री गाणी, आणि मावसभावांनी अटलांटाहून आणलेलं हिप हॉप. पोराने दोन्ही एकाच भांड्यात कालवली. मागे बँजो वाजतोय, स्टील गिटार विव्हळतेय, आणि हा त्यावर भुईमुगाची शेतं, पाइनची जंगलं, रिकामे खिसे यांबद्दल तोंडाचा पट्टा सोडतोय. नॅशव्हिलचे कंट्रीवाले म्हणाले, हे आमचं नाही. अटलांटाचे हिप हॉपवाले म्हणाले, आमचं तर मुळीच नाही. मग तो चिखलात ट्रक पळवण्याच्या जत्रांमध्ये गाऊ लागला, जिथे आमच्यासारख्या काळ्या माणसाने जाण्याआधी चारदा विचार करावा. बिअर पिऊन तर्र झालेली गोरी पोरं त्याला विचारायची, “काय रे, रस्ता चुकलास का?” हा हसायचा आणि गायचा. परत आला की माझ्या स्वयंपाकघरात मान खाली घालून मक्याचा कॉर्नब्रेड खायचा. मला त्याची फार दया यायची.

एका रविवारी त्याने चर्चच्या बाकावर आपला फोन ठेवला. “डॅडी, तुमचं गीत रेकॉर्ड करून घेतो. लांब गाडी चालवताना ऐकायला.”

अल्फियसला केवढा आनंद झाला! आठवडाभर भेटेल त्याला सांगत सुटला, पोरगा जगात कुठेही फिरो, देवाचं नाव कानात घेऊन फिरतोय.

आणि पुढच्या उन्हाळ्यात तो पेट्रोल भरायला थांबला, तर शेजारच्या ट्रकमधून त्याचाच आवाज आला. पण अर्धाच. ‘वाट लांब आहे, प्रभू’ एवढंच, तिथे कापलेलं. मग ढोलाचे दोन ठोके, धप धप, आणि पुन्हा ‘वाट लांब आहे, प्रभू’. मध्ये जार्व्हिस बोलतोय, दारू, ट्रक आणि सोडून गेलेली कुणी बाई. ओळीचा पुढचा भाग, जिथे देव येतो, तो त्या गाण्यात नव्हताच. ट्रकमधला मुलगा ओरडला, “डीकन लॉकेट, तुम्ही तर फेमस झालात!” अल्फियस हातात पेट्रोलची नळी धरून तसाच उभा राहिला.

ते गाणं कुठे वाजलं नाही? फुटबॉलच्या मैदानात वाजलं, किराण्याच्या दुकानात वाजलं, लग्नांत वाजलं. गोरे नाचले, आमचे नाचले. जार्व्हिसचं पोस्टर आमच्या गावच्या न्हाव्याने आरशावर लावलं. चर्चने त्याला बोलावून जाब विचारला आणि संगतीतून काढलं. काढायच्या बाजूचे हात वर करा म्हटल्यावर पहिला हात अल्फियसचा वर गेला. त्या दिवसापासून त्याने गीत उचललं नाही. दुसरे कुणी उचलायचे, तो ओठ मिटून बसायचा.

जार्व्हिसचं पुढे काय झालं ते सांगण्यासारखं नाही. ज्या कंपनीला त्याने ते गाणं विकलं होतं, तिला दुसरं गाणं तसंच हवं होतं. “म्हाताऱ्याची आणखी दोनचार मिळतील का?” असं विचारलं. पोरगा नाही म्हणाला. एवढं एक त्याने बरं केलं. कंपनीने त्याला वाऱ्यावर सोडलं, आणि लोकांना त्याच्याकडून तेवढंच एक गाणं हवं असायचं. नवीन काही सुरू केलं की बिअर आणायला उठायचे.

ऑगस्टमध्ये तो माझ्या ओसरीवर येऊन बसला. मी शेंगा सोलत होते.

“आत्या, डॅडींची तब्येत कशी आहे?”

“बापाला विचार. मी काय डॉक्टर आहे?”

“ते दार उघडत नाहीत.”

“मग शहाणा आहे तो.” मी शेंगांची पाटी त्याच्याकडे सरकवली. “हात चालव. फुकट बसायला ही नॅशव्हिलची कचेरी नाही.”

तो सोलू लागला. सोलता सोलता म्हणाला, “मला परत यायचंय. पाय धुण्याच्या रविवारी.” वर्षातून एकदा त्या रविवारी आम्ही चर्चमध्ये एकमेकांचे पाय धुतो.

“विचारतील तुला, गाणं बंद केलंस का म्हणून.”

“ते माझं राहिलंय कुठे? कंपनीचं आहे. मला बंद करता येत नाही.”

“मग थाप मारणार?”

“खरं सांगितलं तर घेतील?”

“मला काय विचारतोस? मी बायकांच्या बाजूला बसते, तिथून काही ठरत नाही.” मग मला राहवलं नाही. “एवढा आटापिटा कशासाठी रे, बाळा?”

“डॅडींनी गावं म्हणून.” त्याचे डोळे भरले. “माझ्यामुळे ते गप्प झाले, आत्या. मला गाणं बिणं काही नको आता. त्यांनी एकदा ते पूर्ण म्हटलेलं ऐकलं की मी कुठल्याही लाकडाच्या गिरणीत काम करीन.”

मी त्याला जवळ घेतलं. रागावर मी किती दिवस जगणार?

त्या रविवारी चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. आमचे पाळक एल्डर मिंगो यांनी त्याला पुढे बोलावलं. “बंधू, ते गाणं थांबवलंस का?”

“नाही, एल्डर. माझ्या हातात नाही. माझं नव्हतं ते मी विकलं, आता परत घेता येत नाही. मला माफ करा.”

मग अल्फियस उठला. गुडघे दुखत होते त्याचे, बाकाला धरून उठला. पुढे गेला आणि संगतीत परत घेतल्याची खूण म्हणून मुलाला उजवा हात दिला. बायकांच्या बाजूला हुंदके सुरू झाले, त्यात पहिला माझा. एकामागून एक सगळ्यांनी हात दिला.

भाकर आणि द्राक्षारस झाल्यावर आम्ही बूट-मोजे काढले. पांढरी घमेली आली. पुरुषांच्या बाजूला अल्फियसने कमरेला लांब टॉवेल बांधला आणि खाली बसून जार्व्हिसचे पाय धुतले, बोटांच्या मधे सुद्धा, जसे तो लहान असताना धुवायचा. मग जार्व्हिसने त्याचे धुतले. दोघे गळ्यात पडून रडले. आणि अल्फियस अनवाणी उभा राहिला, डोळे मिटले, आणि त्याने ओळ उचलली.

“वाट लांब आहे, प्रभू, पण पुढे तू चालतोस!”

तोच आवाज, थोडा फाटलेला. जार्व्हिसने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आम्ही सगळे त्या ओळीवर तुटून पडलो. ‘वाट लांब आहे, प्रभू’ म्हणून आम्ही ती ओळ अशी ओढली की खिडक्या थरथरल्या.

आणि सगळे थांबले.

कुणी ठरवलं नव्हतं. शंभरेक उघड्या टाचा लाकडी जमिनीवर पडल्या, धप धप, आणि चर्च पुन्हा सुरुवातीला गेलं, ‘वाट लांब आहे, प्रभू’. अल्फियस एकटाच ‘पण पुढे’ म्हणून गेला होता. त्याचे शब्द आमच्या आवाजाखाली बुडाले. त्याने डोळे उघडले.

हळूहळू एकेक जण गप्प झाला. एल्डर मिंगोंनी कपाळ पुसलं. अल्फियसने ओळ पुन्हा म्हटली, सावकाश, पोरांना शिकवावी तशी. आम्ही जीव ओतून सुरू केलं, आणि पुन्हा तिथेच अडलो. सगळ्यांना पुढचे शब्द पाठ होते. पण टाचा आधी पडल्या.

“राहू द्या,” अल्फियस म्हणाला. रागाने नाही. तो बाकावर बसला आणि मोजे चढवायला लागला.

जार्व्हिसने पलीकडून माझ्याकडे पाहिलं. ‘पुन्हा जमेल’ एवढं तरी मी म्हणावं म्हणून तो बघत होता. मी खाली पाहिलं. माझी टाच ठोक्यासाठी अजून वर उचललेली होती.