लाखणबापूंच्या थाळीतली गाठ

"निघ! निघ गं भवाने! परक्याच्या घरात घुसलीस, लाज नाही वाटत? हो बाहेर!"

लाखणबापूंनी आरोळी ठोकली आणि पीपळवा गावच्या पटेल समाजाच्या वाडीत मांडवाखाली बसलेल्या बायकांच्या अंगावर सर्रकन काटा आला. बापूंची बोटं मुक्ताभाभींच्या गळ्यावरच्या गाठीवर होती. चेल्यानं हळदीच्या तेलात भिजवलेला कापसाचा बोळा पुढे केला. बापूंनी तो गळ्यावर दाबला, डोळे फिरवले, दातओठ खाल्ले, आणि बघता बघता बोटांमधून लालभडक रक्त ओघळलं. मग त्यांनी हात वर केला. चिमटीत एक तांबडाजांभळा बुळबुळीत गोळा लोंबत होता. तो पचकन थाळीत पडला. चेल्यानं बोळा उचलून घेतला आणि फडक्यानं गळा पुसला. जखम नाही, ओरखडा नाही, काही नाही!

"बापू की जय!" मांडव दणाणला.

खांबाला टेकून उभ्या असलेल्या डॉक्टर किन्नरीनं मात्र हात जोडले नाहीत. गावाच्या ट्रस्टच्या दवाखान्यात ती गाठी तपासायची. बारीक सुईनं गाठीतल्या पेशी ओढायच्या, काचेवर पसरायच्या, रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, की गाठ साधी आहे, क्षयाची आहे की कॅन्सरची. आसपासच्या खेड्यांतली माणसं तिच्याकडे यायची. फक्त तिची स्वतःची भाभी येत नव्हती. आई गेल्यावर जिनं किन्नरीला वेणीफणी करून शाळेत धाडलं, ती मुक्ताभाभी.

गळ्यावरची गाठ दिसली तेव्हा बोराएवढी होती. किन्नरीनं त्याच दिवशी सुई काढली होती. भाभी पदर आवळून मागे सरकल्या होत्या.

"नको गं बाई! सुई लागली की गाठ चवताळते. शेजारच्या वेलजीच्या आईचं नाही का झालं? सुई टोचली आणि महिन्याभरात गेली."

"भाभी, त्या सुईमुळे नाही गेल्या. आल्याच फार उशिरा. सुईनं फक्त कळलं."

"तेच ते! कळलं आणि गेली."

मोटाभाई, म्हणजे किन्नरीचे थोरले भाऊ जेरामभाई, तेही भाभींच्या बाजूनं. हिऱ्याच्या कारखान्यात उभा जन्म गेलेला माणूस, पण बापूंचं नाव निघालं की हात जोडायचा. गेल्या पौर्णिमेला बापूंनी पहिली गाठ काढली. गळा होता तसाच राहिला, तेव्हा बापू म्हणाले, "थोरली निघाली, आता तिची धाकटी बहीण रुसून बसलीय." आज धाकटीही निघाली. आणि तरी भाभींच्या गळ्यावर लिंबाएवढा उंचवटा तसाच्या तसा होता. तो किन्नरीला लांबूनसुद्धा दिसत होता.

"बापू, वर अजून फुगलेलं दिसतंय," मोटाभाई चाचरत म्हणाले.

"टरफल आहे ते, टरफल! जीव माझ्या थाळीत पडलाय. शेंगदाणा काढल्यावर टरफल राहतं की नाही? वाळून जाईल." बापू हसले, लोकही हसले. चेला थाळी उचलून अंगणातल्या धुनीकडे निघाला. गाठ लगेच जाळावी लागते, नाहीतर दुसऱ्याच्या अंगात शिरते, असा बापूंचा नियम.

"थांबा!" किन्नरी पुढे झाली. "बापू, सुई लागली की गाठ अंगात पसरते, असं तुम्ही सांगता ना?"

"सांगतोच! नागिणीला डिवचतं का कुणी?"

"पण ही तर आता अंगाबाहेर आहे. हिला टोचलं तर कुणाचं काय बिघडणार? मी जरा बघते. माणसाची गाठ निघाली तर उद्यापासून माझे सगळे पेशंट तुमच्याकडे पाठवते. लिहून देते हवं तर."

मांडवात कुजबुज उठली. वाडीचे विश्वस्त खूश झाले, डॉक्टरीणबाईच बापूंना मानायला निघाल्या! बापूंनी थाळीकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं. नाही म्हणावं तर नाक कापलं जातं.

"अपवित्र होईल," ते पुटपुटले.

"जाळायचीच आहे ना बापू? मग होईना का!" मागून एक म्हातारी म्हणाली आणि हशा पिकला.

किन्नरीनं पिशवीतून सुई काढली, गोळ्यात खुपसली, मागेपुढे केली, आणि जे आलं ते काचेवर पसरलं. दुसऱ्या काचेवर तिनं स्वतःच्या बोटाचा थेंब घेतला. दोन्ही काचा वाळवून, रंगवून, धुऊन होईपर्यंत माणसं टाचा उंचावून बघत होती. सूक्ष्मदर्शक तिनं सकाळीच रिक्षात घालून आणला होता.

"मोटाभाई, या. तुम्हीच बघा."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"दुसऱ्याच्या शब्दावर तुम्ही कधी हिरा घेतलात? डोळ्याला भिंग लावून, आतला डाग बघूनच घेता ना? मग घरच्या माणसाच्या जिवाचा सौदा न बघता कसा केलात?"

हे मोटाभाईंना लागलं. मुकाट्यानं येऊन त्यांनी डोळा लावला. पहिली काच बघितली, दुसरी बघितली, पुन्हा पहिली. डाग शोधायला सरावलेला तो डोळा, त्याला शिकवायला लागलं नाही.

"हे तुझं रक्त. गोल गोल चकत्या, आत काही नाही. आणि हे... हे लांबट आहे. आणि प्रत्येकाच्या पोटात एक गडद ठिपका. एकूण एकाच्या." ते ताठ झाले. "किन्नरी, हे कसलं रक्त आहे?"

"माणसाच्या तांबड्या पेशीत तो ठिपका नसतो. पाखरांच्या असतो. मोटाभाई, हे कोंबडीचं रक्त आहे, आणि तो गोळा म्हणजे कोंबडीच्या पोटातला मांसाचा तुकडा. शहरातला कुठलाही खाटीक नुसत्या नजरेनं ओळखेल. पण आपल्या गावात पिढ्यान्‌पिढ्या अंडंसुद्धा शिजलेलं नाही. कोण ओळखणार? म्हणून तर बापू अशीच गावं निवडतात."

मोटाभाईंनी झडप घालून चेल्याच्या हातातला कापसाचा बोळा हिसकावला आणि उसवला. आतून फाटक्या फुग्याचं लाल झालेलं रबर खाली पडलं. रक्त त्यात भरलेलं, दाबलं की फुटणारं; मांसाचा तुकडाही बोळ्यातच दडवलेला.

आणि मग जो गोंधळ उडाला!

"कोंबडी! माझ्या पोटावर कोंबडी चोळली मेल्यानं!"

"बाटवलं रे, सगळ्या गावाला बाटवलं!"

"अगं, डोक्यावरून अंघोळ कर आधी!"

कुणी नळाकडे धावलं, कुणी देवळाकडे, कुणी नुसतंच ओकाऱ्या काढत बसलं. तेवढ्यात बापू आणि चेला मागच्या दारानं जीपमध्ये बसून पसार झाले. त्यांच्या मागे धावायलाही कुणी मोकळं नव्हतं.

"ऐका! अहो, जरा ऐका!" किन्नरी ओरडत होती. "कोंबडीचं सोडा! तुमच्या गाठी जिथल्या तिथं आहेत! त्या तपासून घ्या!"

कोण ऐकतंय? तिला रडूच फुटलं. गावाला राग आला होता तो बाटल्याचा. आपण फसलो आणि आजार अंगातच राहिला, याचा नाही.

खाटेवर एकट्या मुक्ताभाभी बसून होत्या. त्यांनी गळ्यावर हात नेला, चाचपलं, आणि हात तिथंच ठेवला.

"आहे गं. तशीच आहे."

"आवाज कधीपासून बसलाय, भाभी?"

"झाले थोडे दिवस. बापू म्हणाले, गाठ आतून रडतेय." भाभींनी मान वर केली. "टोच आता. कळलं तर कळू दे."

किन्नरीनं टोचलं. रंग देऊन काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि डोळा लावला. पेशींचे दाट पुंजके, त्यांची नको तेवढी मोठी केंद्रं, केंद्रांना नको त्या घड्या. थायरॉइडचा कॅन्सर.

"सांग," भाभी म्हणाल्या. "मी तुला कधी खोटं सांगितलं नाही."

किन्नरीनं सांगितलं. हा कॅन्सर बरा होणाऱ्यांतला, हेही सांगितलं. गाठ दिसली तेव्हाच आला असतात तर, हे मात्र तिच्या तोंडून निघेना. ते राजकोटच्या सर्जननं सांगितलं. गाठ निघाली, भाभी वाचल्या, पण ती आवाजाच्या नसेला चिकटली होती. नस वाचली नाही.

टाके सुकतात न सुकतात तोच बातमी आली. लाखणबापू पलीकडच्या तालुक्यात उगवले होते. नवीन मांडव, नवीन थाळी, आणि आता म्हणे गाठीबरोबर रक्त येतच नाही, डाळिंबासारखे दाणे येतात. शुद्ध शाकाहारी चमत्कार! किन्नरीनं कपाळावर हात मारला. पोलिसांत अर्ज केला होता, पण साक्ष द्यायला पीपळव्यातून कुणी पुढे येईना. बाटल्याचं चारचौघांत कोण कबूल करणार?

"मला तिथं ने," मुक्ताभाभी म्हणाल्या.

मांडवाबाहेर बायकांची रांग होती. भाभी रांगेच्या कडेनं चालू लागल्या, थांबल्या, गळ्यावरचा पदर काढून व्रण दाखवला आणि बोलू लागल्या. आवाज कसला, नुसती खरखर. बायकांना कान जवळ आणावे लागत होते.

"त्याच्या हातात काय येतं ते बघू नका गं. रक्त येवो, डाळिंब येवो. घरी जाऊन आपल्या अंगाला हात लावून बघा, गाठ गेली का? नसेल गेली तर सुई टोचून घ्या. सुईनं गाठ पसरत नाही. मी थांबले, तेवढ्यात ती पसरली. माझा आवाज त्यातच गेला."

"चल हट, डॉक्टरांनी पाठवलेली दिसतेय," एकजण फणकारली. रांग पुढे सरकली. भाभी पुन्हा पहिल्यापासून बोलू लागल्या.

शेवटी काखेत हात दाबून धरलेली एक तरुण बाई रांगेतून बाहेर आली. इकडेतिकडे बघत तिनं हळूच विचारलं, "सुई फार दुखते का हो, मावशी?"

"दुखते," भाभी म्हणाल्या. "थोडीशी. चल, मी हात धरते."