पाठमोरं गाव

ज्या सायकलस्वाराच्या गावातून शर्यत जाते, त्याला बाकीचे स्वार तिथं पुढे जाऊ देतात. घोळका जरा सैल पडतो, तो मिनिट-दोन मिनिटं आधी गावात पोचतो, घरच्यांच्या गालांचे मुके घेतो आणि मागून येणाऱ्यांत पुन्हा मिसळतो. हे कुठल्या नियमात लिहिलेलं नाही, पण मोडत कुणी नाही.

यंदा शर्यत फ्रान्सच्या पिरेनीज डोंगरांतल्या आर्बाद गावातून जाणार होती, आणि आर्बादचा स्वार होता तिबो.

म्हणूनच ओनोरेनं, म्हणजे तिबोच्या बापानं, डाव रचला. "येईल तेव्हा सगळ्यांनी पाठ फिरवायची," तो कॅफेत म्हणाला होता. "शिव्या द्यायच्या नाहीत, दगड मारायचे नाहीत. त्याला एकही तोंड दिसता कामा नये."

गावानं आनंदानं मान डोलावली. ओनोरेनं वीस वर्षं गावातल्या पोरांना सायकल शिकवली होती. दोन वर्षांपूर्वी तिबोनं चौकशीत सांगितलं, की बाप आम्हाला उत्तेजक गोळ्या द्यायचा. क्लबला टाळं लागलं, पोरांचे शर्यतीचे परवाने गेले. कॅफेवाल्या सिमोनमावशीचा पोरगा इव्हां तर मोठ्या संघात जाता जाता राहिला. पोरांना विचारलं तर ती म्हणाली, आम्ही जीवनसत्त्वं घेत होतो. त्यांना तसंच सांगितलेलं होतं. पोरगं खोटं बोलतंय, असं ओनोरे म्हणाला आणि गावानं ते खरं मानलं. इतक्या लवकर मानलं, की त्याला स्वतःलाही नवल वाटलं होतं.

दुपारी तिबो वळणावरून एकटाच आला. चीजच्या दुकानापासून चर्चपर्यंत सगळ्या पाठीच पाठी. ओनोरेही पाठमोरा उभा होता, दुकानाच्या काचेसमोर. काचेत त्याला पोरगं दिसत होतं. फार वाळलं होतं.

तिबोनं एक पाय जमिनीवर टेकला. "बाबा."

ओनोरे हलला नाही.

"सिमोनमावशी, निदान पाणी तरी द्या."

सिमोन मागे न वळताच बोलली. "नाल्यावर जाऊन पी. सोन्यासारख्या बापाचं नाव धुळीला मिळवलंस. हा माणूस दोन वर्षं धड जेवलेला नाही, ठाऊक आहे तुला?"

हे मात्र खरं होतं. जेवण जात नव्हतं, कारण घास घेताना तिबोची रिकामी खुर्ची समोर यायची. सिमोननं त्याच्या खोट्यासाठी जीव तोडून भांडावं, याची ओनोरेला आता किळस आली. स्वतःचीच.

"कळलं," तिबो म्हणाला. आवाज नेहमीचाच होता, फक्त काचेतला चेहरा वेडावाकडा झाला होता. डोक्यावर शर्यतीचं हेलिकॉप्टर घरघरायला लागलं. मागून घोळका वळणावर आला.

ओनोरे गर्रकन वळला. "तो खोटं बोलला नाही! गोळ्या मीच देत होतो!"

पण तोवर दीडशे सायकली रस्ताभर झाल्या होत्या. तिबो पेडल मारून त्यांच्यात शिरलाही होता. त्याची पाठ कुठली आणि इतरांच्या कुठल्या, ओळखू येईना. मग संघांच्या मोटारी गेल्या, आणि मग काहीच उरलं नाही.

त्याचं बोलणं ज्यांनी ऐकलं ते जवळचे पाच-सहा जण होते. ते आता वळून त्याच्याकडे बघत होते. हळूहळू बाकीचेही वळले.

सिमोन त्याच्या अगदी समोर येऊन उभी राहिली. "पुन्हा बोल."

"मी देत होतो."

"कुणाला? नाव घेऊन सांग."

ओनोरेनं इव्हांचं नाव घेतलं. मग एकेक करत आणखी अकरा जणांची घेतली, त्यांच्या आया तिथंच उभ्या असताना. तेराव्या नावाशी त्याची जीभ अडली.

"आणि तिबोला," तो म्हणाला. "सगळ्यांत आधी तिबोला. तेव्हा तो चौदाचा होता."