विशालाक्षीमामींविरुद्धचा अर्ज

आमच्या गल्लीत कुणाचं गटार तुंबलं, नळाला गढूळ पाणी आलं, कुत्री माजली, की लोक नगरसेवकाकडे जाण्याआधी माझ्याकडे येतात. कुठल्या कामाला कुठली कचेरी, कुठल्या वारी साहेब जागेवर असतात, मला सगळं पाठ. शाळेत आठवीपर्यंतच गेले, पण तमिळमध्ये अर्ज असा लिहिते की कारकून उठून खुर्ची देतो.

हे सासरचं वळण. यांचे पूर्वज तंजावरच्या दरबारात कागद लिहीत. दरबार गेला, आता यांचं कुंभकोणममध्ये भांड्यांचं दुकान आहे, पण घरात कायदा तोच. सासरे म्हणायचे, "शाई असतां घसा कशास झिजवावा?" आमच्याकडे कुणी कुणाच्या दारात जाऊन भांडत नाही. रागसुद्धा कागदावर, समास सोडून.

विशालाक्षीमामी शेजारच्या. मधली भिंत एकच. मी नवी नवरी होऊन आले तेव्हा दारात ठिपक्यांचं कोलम, म्हणजे इकडची रांगोळी, काढायला त्यांनीच शिकवलं. "तुम्हां मराठ्यांचा हात सैल गं, विजी. रेघ ओढतेस का दोरी सोडतेस?" त्यांचे गुरुमूर्तिमामा तीन वर्षांपूर्वी दारासुरमच्या रस्त्यावर लॉरीखाली गेले. मुलगा शेषाद्री चेन्नईला. मामी एकट्या राहिल्या.

गेल्या मार्गळी महिन्यापासून, म्हणजे ऐन थंडीत, सुरू झालं. सकाळी मी कोलम काढून आत वळले की मामी बादली घेऊन यायच्या आणि माझ्या कोलमावर पाणी ओतायच्या. वर ओरडायच्या, "लाज नाही? आज तरी नको!" त्यांचं स्वतःचं दार तर कोरंच असे. फुलवालीवर एकदा तांब्या फेकला. दूधवाल्याला आईवरून शिव्या.

"म्हातारीला आपलं सुख बघवत नाही," मी म्हणायची.

"तू बोलून तरी बघ त्यांच्याशी," हे म्हणायचे.

"काय बोलू? कोलम पुसू नका म्हणून पाया पडू?"

मग आमच्या मुलीला, गायत्रीला बघायला तिरुनागेश्वरमची मंडळी आली. नऊच्या सुमारास रिक्षातून उतरली, आणि मामींनी बादली त्यांच्या पायांवरच रिकामी केली. "या घरात आज शुभ काही नाही! परत जा!" मुलाच्या आईची रेशमी साडी गुडघ्यापर्यंत भिजली. मंडळी आत आली, केसरीचा शिरा खाल्ला, कॉफी घेतली. गेल्यावर निरोप आला की मुलगा आत्ताच लग्न करत नाही म्हणतोय. गायत्री दोन दिवस खोलीबाहेर आली नाही.

मी पेन उघडलं.

आधी महापालिकेत गेले. साहेबांनी विचारलं, "पाणी गटाराचं होतं का, अम्मा?" चांगलं होतं म्हटलं. "मग आमच्याकडे येत नाही." नगरसेवक हसला. "अक्का, मामींचं माझ्या वॉर्डात मत आहे." राहिलं पोलीस ठाणं. खरं तर योग्य जागा तीच होती, मला आधीपासून माहीत होतं. सात तारखा, सात प्रसंग, साक्षीदार, विषय : शेजाऱ्याकडून होणारा उपद्रव. इतका सुरेख अर्ज मी आयुष्यात लिहिला नव्हता. पोच घेऊन घरी आले आणि त्याची नक्कल यांना वाचून दाखवली. यांनी ऐकून कागदाची नीट घडी घातली. मला ते कौतुक वाटलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी जीप आली. दोन महिला पोलीस उतरल्या. मामी दारात उभ्या, केस ओले, पदर कमरेला खोचलेला. जीपकडे बघून त्यांचा चेहरा असा मोकळा झाला की मी कुंपणाशी थबकले.

"आणलंत त्यांना?" मामींनी विचारलं. "पाणी तापवून ठेवलंय. आंघोळ घालायची आहे. आणि जरा शेजारी सांगा हो. घरातलं माणूस गेलंय आणि ती पोर रोज उठून कोलम घालते."

शेजारी मयत असलं की भिंतीला भिंत असलेल्या घरानंही कोलम घालायचं नसतं. हे काय मला माहीत नव्हतं? मामा गेले त्या सकाळी अशीच जीप आली होती, आणि माझं कोलम मी माझ्या हातानं, मामींच्याच बादलीनं पुसलं होतं. मामी त्या सकाळीतच अडकून राहिल्या होत्या. मी तारखा लिहीत होते.

पोलीसबाई हळूच म्हणाली, "यांचं कुणी आहे का? नंबर आहे?"

होता. फोन नंबरांच्या वहीच्या पहिल्याच पानावर. मामांच्या तेराव्याला शेषाद्रीनं दिला होता, "अक्का, काही वाटलं तर फोन करा" म्हणून.

तो संध्याकाळी आला. आधी ठाण्यात जाऊन अर्ज वाचून आला होता.

"अक्का, एक फोन केला असतात."

"मुलाला आईची चहाडी सांगायची म्हणजे..."

"आणि पोलिसांना?"

"तो अर्ज होता रे," मी म्हटलं. तोंडातून निघाल्यावर मला ते ऐकू आलं.

मी खूप सांगितलं. मामींना इथंच राहू दे, दोन वेळचं जेवण मी देईन, कोलम बंद करते, गल्लीला समजावते. तो ओरडला नाही. "हे घर सोडून त्या कुठं राहणार नाहीत, मला ठाऊक आहे. पण आता त्यांचं नाव ठाण्यात आहे. उद्या आणखी कुणी अर्ज केला तर?" दोन दिवसांनी मामींना गाडीत बसवलं. त्या दाराची कडी सोडत नव्हत्या. एकेक बोट त्यानं सोडवलं.

मी ठाण्यात गेले, अर्ज मागे घ्यायला. रायटर हवालदार म्हणाला, "त्यासाठी अर्ज द्यावा लागेल." दिला. शिक्का मिळाला. त्याचा फोटो शेषाद्रीला पाठवला. त्यानं बघितल्याची खूण दिसली.

आठवड्यानं फोन लावला. काय बोलायचं ते आधी कागदावर लिहून काढलं होतं, मग तो फाडला. शेषाद्रीनं उचलला आणि मामींच्या हातात दिला.

"मामी, मी विजी. शेजारची."

"इथं शेजारी कुणी नाही गं बाई," त्या म्हणाल्या. "समोर एक दार आहे, ते बंदच असतं." मग, "जेवलीस?"

अकरा वाजले होते. नाही म्हटलं.

"मग जेव जा," म्हणाल्या. पलीकडे बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज येत होता. फोन कसा ठेवतात ते त्यांना आठवत नसावं. मीही ठेवला नाही.