ज्वालामुखी फुटण्याआधीच्या खुणा

खराडीच्या आयटी कंपनीत मी टेस्टिंगला आहे. म्हणजे दुसऱ्यांनी करून ठेवलेल्या चुका शोधायच्या आणि वर त्यांचेच रुसवे काढायचे. येरवड्याला घरी पोचेपर्यंत डोक्याचा पार भुगा झालेला असतो. नवरा, धम्मदीप, कंपनीच्या कामावर अमेरिकेत. तिथून तो फोनवर मला आराम करायला सांगतो. मोठे उपकार.

त्यात पूर्णिमाच्या वर्गशिक्षिकेचा निरोप आला. पोरगी वर्गात तोंडच उघडत नाही, विज्ञान प्रदर्शनात पालकांसमोर ज्वालामुखीवर बोलायचंय, तेवढं बोलतं करा. चौथीतली मुलगी, घरी तरी कुठे बोलते? मला भीतीच बसली. ही अशीच मुखदुर्बळ राहिली तर लोक हिला विकून खातील.

ज्वालामुखीचा डोंगर मी बुधवार पेठेतून तयारच आणला. पुण्यात मुलांचे प्रोजेक्ट आईबाप करतात आणि आईबापांना वेळ नसला की दुकानदार करतो. बोलायचं मात्र तिलाच होतं. मग ऑफिसात करते तेच केलं. कोण काय विचारील ते सगळं काढलं, उत्तरं ठरवली आणि आठवडाभर स्वयंपाक करता करता घोकून घेतली.

"मॅग्मा वर का येतो?"

"खूप खोल, काही ठिकाणी खडक वितळतो. तो भोवतालच्या खडकापेक्षा हलका असतो, म्हणून वर सरकतो आणि जमिनीखाली साचतो."

"मग फुटतो कशाने?"

"त्यात वायू विरघळलेले असतात. वर येताना दाब कमी होतो आणि बुडबुडे होतात, सोड्याची बाटली उघडल्यावर होतात तसे. ते मॅग्माला बाहेर ढकलतात. बाहेर आला की त्याला लाव्हा म्हणतात."

"आणि?"

ती माझ्याकडेच बघत राहिली.

"अगं, किती वेळा सांगायचं? मी पण माणूसच आहे ना?"

"पातळ असला तर वाहत जातो," ती पुटपुटली. "घट्ट असला तर वायू आत अडकतात आणि स्फोट होतो."

शनिवारी शाळेत ती हे सगळं घडाघडा बोलली. माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात कुणाच्या तरी वडिलांनी विचारलं, "बाळ, फुटणार हे आधी कळतं का गं?"

हा प्रश्न माझ्याकडून राहिला होता. आता ही मुकी होणार, म्हणून मी खाली बघितलं.

"कळतं," पूर्णिमा म्हणाली. "एकदम नाही फुटत. आई घरी येते आणि पर्स खांद्यावरून काढतच नाही. मग उभ्यानेच पाणी पिते. मग मला मॅडम म्हणते. तेव्हा मी गॅलरीत जाऊन बसते. लांब गेलं की काही होत नाही."

सगळे हसले. शिक्षिकाही हसल्या आणि म्हणाल्या, "बरोबर आहे. जमीन हादरते, फुगते, वायू बाहेर येतात. शास्त्रज्ञ अशाच खुणा बघतात आणि माणसांना लांब हलवतात." टाळ्या पडल्या. मला तोंड कुठे लपवू असं झालं. रोज एवढं बघत होती पोरगी, आणि मी समजत होते हिला बोलता येत नाही.

परतताना रिक्षात ती पार कडेला बसली.

"आई, तू चिडलीस?"

"नाही गं."

तिने मान डोलावली. पण घर येईपर्यंत ती माझ्या चेहऱ्यावरून नजर हलवेना.