गौराबाईचे शेंगोळे

नळदुर्गच्या हमरस्त्यावर नबीलाल वस्तादाच्या मटणाइतकाच त्याचा रागही गाजलेला. रस्सा पातळ झाला की आचाऱ्याच्या सात पिढ्या निघायच्या. मात्र चांगल्या अन्नावर तो कधीच चिडला नव्हता. त्या रागापायीच टीव्हीवाल्यांनी त्याला पुण्याला नेलं आणि स्वयंपाकाच्या स्पर्धेचा परीक्षक केलं.

एके दिवशी स्पर्धेला येरमाळ्याची गौराबाई आली. देवीच्या वाटेवर तिची खानावळ. तिनं कुळथाचे शेंगोळे केले होते. नबीलालनं एक तोंडात टाकला नि त्याला आपली आई आठवली. तेवढ्यात दिग्दर्शक कानाशी लागला, "वस्ताद, सकाळपासून सगळं थंड चाललंय. लोक तुमचा राग बघायला बसतात."

नबीलालनं ताट भिरकावलं. "ढोरं तरी खातील का हे?"

गौराबाईनं खाली वाकून सांडलेले शेंगोळे पदरात वेचले.

तो भाग साऱ्या जिल्ह्यानं बघितला. घरी मदिनाबीनं नवऱ्यापुढं ताट ठेवलं आणि एवढंच विचारलं, "खरंच वाईट होते का हो?" दुसऱ्याच दिवशी त्यानं येरमाळा गाठला आणि भरल्या खानावळीत हात जोडले.

"बाई, शेंगोळे लई चांगले होते. म्या खोटं बोललो."

"हितल्यांला ते ठाऊकच हाय," गौराबाई भाकरी थापत म्हणाली. "टीव्हीवर सांगा. माझ्या लेकीच्या सासरी तिथलंच खरं मानत्यात."

पुढच्या चित्रीकरणात तो कॅमेऱ्यापुढं ते सगळं बोलला. भाग लागला तेव्हा त्यातलं अक्षरही नव्हतं; होतं ते फक्त त्याचं ओरडणं. त्यानं दिग्दर्शकाला फोन लावला.

"माफी कोण बघणार, वस्ताद?" दिग्दर्शक हसला.

"मग माझं तोंडबी बघू नका," म्हणून नबीलालनं ते काम सोडलं. पण म्हणून त्याच्या मनावरचं ओझं उतरलं नाही. तो पुन्हा येरमाळ्याला गेला.

"म्या सांगितलं होतं, बाई. त्यांनी कापलं."

"आसंल," ती म्हणाली. "लेकीनं फोनच उचलला न्हाय अजून."

तो उंबऱ्यातच घुटमळला.

"जेवायचं आसंल तर बसा," तिनं ताट मांडलं. "गिऱ्हाइकाला म्या उपाशी धाडत न्हाय."

तो मान खाली घालून बसला. ताटात शेंगोळेच होते, आणि चवीला त्या दिवशीसारखेच झाले होते.