पत्र्यावरचा खलास

ओमानमधल्या सीबच्या त्या बैठ्या घरावर पत्रा होता आणि पत्र्याखाली फळ्यांचं छत. मधल्या अंधाऱ्या पोकळीत लांज्याचा शांताराम ओणवा होऊन मापं घेत होता. जुलैतली सकाळ कसली, नऊलाच पत्र्याला हात लावायची सोय नव्हती. खालच्या खोलीत राहणारी रईसाखाला मूळची कोकणातलीच, डोळ्यांनी पार अधू. मागच्या महिन्यात ती उकाड्याने चक्कर येऊन पडली, तेव्हापासून मुलगा गुलजार हट्टाला पेटला होता. छतावर उष्णता अडवणाऱ्या ग्लासवूलच्या सहा इंच गाद्या, एक सूतही कमी नको.

टप. वर काहीतरी पडलं आणि खालून आवाज आला, "खलास."

शांतारामने टेप गुंडाळली. वीस वर्षं तो जवळच्या रुसैलच्या कारखान्यात हाच अरबी शब्द ऐकत होता, खलास म्हणजे संपलं, आता हात आवर. खाली येऊन त्याने विचारलं, खालाला काम नको झालं का? ती पोरीसारखी हसत सुटली.

"तुला नाय रे. खजूर पडला, खलास जातीचा. आमच्या ह्यांनी लावलेलं झाड. माझे डोळे गेले, हे गेले, आता ते झाड मला कानानेच दिसतं. तू वर गाद्या भरल्यास की तेही जाईल."

गुलजारने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. त्याला आई हवी होती. शांतारामला दोघांचंही पटत होतं, हीच पंचाईत. तीन इंच घालावेत तर उकाडा आत येणार आणि आवाजही धड येणार नाही.

दुपारी जेवून तो पडवीत लवंडला. डोळा लागला आणि सीब कुठे, लांजं कुठे, सगळं एक झालं. परसात पोफळीची सुपारी पडत होती, आई घरातूनच झाड ओळखत होती, आणि आईचा चेहरा रईसाखालाचा होता. जाग आल्यावरही तो तसाच पडून राहिला. आईला आवाज डोक्यावरून नव्हे, खिडकीतून यायचा.

सहाच्या सहा इंच त्याने इमानाने भरले. मग परसात पडून असलेल्या एका पत्र्याचा छज्जा केला आणि खालाच्या खिडकीवर, झुकलेल्या झाडाच्या बरोबर खाली बसवला. त्याला मात्र काहीच अस्तर लावलं नाही.

खोली गार झाली आणि इतकी शांत की रईसाखालाचा चेहरा उतरला. मांडीत हात घेऊन ती बसून राहिली. झालं म्हणायला शांतारामची जीभ रेटेना.

टप.

खालाने मान खिडकीकडे वळवली. "खलास," ती हळूच म्हणाली.

या खेपेला शांतारामने खरंच हत्यारं आवरली.