बुफेची रंगीत तालीम

बोटीवर जेवायचं कुठे, या विषयावर शहाणीसुरती माणसं अख्खी संध्याकाळ घालवू शकतात हे अहिल्याबाईंना त्या रविवारी नोएडाला कळलं. बोटीत पाय ठेवायला अजून महिना होता. पण धाकट्या अनिशने आपल्या फ्लॅटमधल्या भल्यामोठ्या टीव्हीवर बोटीचे मजले लावले होते, त्याची बायको वल्लरी मोबाइलवरून लोकांचे रिव्ह्यू वाचून दाखवत होती, आणि थोरला जयदीप सोफ्यावर पुढे सरकून बसला होता, मिनिस्ट्रीतल्या मीटिंगला बसतो तसा. जयदीपची बायको संपदा माहेरी पुण्याला गेली होती. तिचं मत मधूनमधून व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन पडत होतं, पण ते कोणी उघडत नव्हतं.

निमित्त होतं अहिल्याबाई आणि शांतारामराव यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होण्याचं. मुलांनी परस्पर ठरवलं, परस्पर तिकिटं काढली. विमानाने मुंबई, तिथून बोटीने लक्षद्वीप आणि परत. ज्यांचं लग्न त्यांना विचारायची पद्धत पन्नास वर्षांपूर्वीही नव्हती, आताही नव्हती. अहिल्याबाईंना समुद्राची काडीची हौस नव्हती. पण वल्लरीने बोटीचा एक व्हिडिओ पाठवला होता, तो मात्र त्यांनी दिल्लीत आर. के. पुरमच्या आपल्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होईपर्यंत पुन्हा पुन्हा बघितला होता. त्यात त्यांच्याच वयाची एक बाई पांढरी चादर घातलेल्या टेबलाशी बसली होती. वेटर आला, त्याने तिच्या मांडीवर रुमाल पसरला, पुढ्यात गरम सूप ठेवलं आणि दोन पावलं मागे जाऊन उभा राहिला. बाईने चमचा उचलला. अख्ख्या बोटीतलं अहिल्याबाईंना तेवढंच हवं होतं.

याला कारण शांतारामराव. केंद्र सरकारच्या नोकरीत त्यांची खुर्ची जसजशी मोठी होत गेली, तसतसे त्यांचे हात निकामी होत गेले. पाण्याचा ग्लास ऑफिसात प्यून आणून द्यायचा, घरी बायको. निवृत्तीनंतर प्यून गेला, बायको राहिली. जेवायला बसले की ते काही मागत नसत, मागणं त्यांच्या मानाला शोभलं नसतं. पहिल्या पोळीचा शेवटचा घास उरला की दुसरी तव्यावरून ताटात पडायची. नाहीच पडली तर ते मान वर करून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत बसायचे. तोंडातून शब्द निघालाच तर 'मीठ' एवढाच. ताटात लिंबाची फोड लागायची, कारण त्यांच्या आईच्या वेळेपासून ताट तसंच दिसायचं. खात मात्र नसत, त्यांचे दात आंबायचे. पुढे सगळ्यांचं आटोपलं की अहिल्याबाई ओट्याशी उभ्या राहून तीच फोड आपल्या गार वरणभातावर पिळायच्या. घरात संपदा सून म्हणून आली, तिलाही नोकरी, पण बाबांचं ताट आईनेच करायचं. 'आईला बरोबर ठाऊक असतं,' असं सगळे म्हणायचे आणि मोकळे व्हायचे. फुगलेली पोळी फुगलेली असताना अहिल्याबाईंच्या तोंडी कधी लागली नव्हती.

"हे बघा," अनिश टीव्हीपाशी उभा राहून म्हणाला, "बेसिकली तीन ऑप्शन आहेत. वरच्या डेकवर बुफे, अनलिमिटेड. खाली मेन डायनिंग, तिथे मेन्यू कार्ड देतात, टेबलावर सर्व्ह करतात. आणि एक जॅपनीज, त्याचे एक्स्ट्रा. आज बुक केलं नाही तर मग जे उरेल ते."

"जॅपनीजचे रिव्ह्यू मस्त आहेत," वल्लरी म्हणाली. "पण एकाने लिहिलंय, पोर्शन छोटे आहेत यार."

वल्लरी घरी चार घास खाऊन पोट भरलं म्हणायची, आणि कुठल्या परक्याला बोटीवर पोर्शन कमी पडला याची हळहळ तिला लागली होती. अनिशचंही तेच. बँकॉकला जाऊन आल्यापासून हा काड्यांशिवाय नूडल्सला हात लावत नसे. याच पोराला एक वाटी शिकरण भरवायला अहिल्याबाई सरकारी क्वार्टरचे जिने उतरून बागेपर्यंत मागे धावल्या होत्या. आता तो नाकाने कांदे सोलत होता आणि त्याला सगळे ऐकत होते.

"प्रोसीजरने जाऊ," जयदीप म्हणाला. "अ‍ॅनिव्हर्सरीची संध्याकाळ मेन आहे. ती आधी क्लिअर करू. बाकीचं नंतर घेता येईल."

जयदीपला घरातला बल्ब बदलायचा तरी आधी चर्चा लागायची. चर्चेनंतर तो चहा प्यायचा आणि बल्ब अहिल्याबाई स्टुलावर चढून बदलायच्या. आताही त्या टीव्हीवरच्या खालच्या मजल्याच्या चित्राकडे बघत राहिल्या. पांढऱ्या चादरी दिसत होत्या.

"मला विचाराल तर," शांतारामराव म्हणाले. कोणी विचारलं नव्हतं. "बुफे म्हणजे उभ्याने चरणं. मला ते पसंत नाही."

अहिल्याबाईंनी मान वळवून नवऱ्याकडे बघितलं. पन्नास वर्षांत हा माणूस पहिल्यांदा त्यांच्या मनातलं बोलला होता, तेही चुकून. त्यांना खरंच बरं वाटलं.

"तिथे बसायला जागा असेल ना?" शांतारामराव पुढे म्हणाले. "मग हरकत नाही. मी बसेन. ही आणून देईल."

"बिल्कुल," जयदीप म्हणाला. "बुफेच ठीक आहे. मेन्यू कार्डातून काय मागवायचं ते बाबांना समजायचं नाही. आईला बरोबर ठाऊक असतं त्यांना काय लागतं ते."

"आणि आईंनाही मोकळं वाटेल," वल्लरी मनापासून म्हणाली. "वेटर वगैरे मागे उभे राहिले की त्यांना ऑकवर्ड होईल."

वल्लरीचं मन वाईट नव्हतं, हीच तर पंचाईत होती. वाईट मनाच्या माणसाशी निदान भांडता तरी येतं.

बुफे काय असतो ते अहिल्याबाईंना कोणी सांगायला नको होतं. गेल्या हिवाळ्यात जयदीपचा ऑफिसातला मित्र केतन याचं लग्न पानिपतला झालं. शांतारामराव लाल मखमल चढवलेल्या खुर्चीत बसले आणि अहिल्याबाई ताट घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. एकदा पनीर आणलं, एकदा डाळ आणली. रोटी गार आहे म्हणून पुन्हा तंदूरपाशी गेल्या. हलवा आणला, तर फार गोड आहे म्हणून वर दही आणलं. त्यांची स्वतःची पाळी आली तेव्हा तंदूरवाला भट्टी विझवून हात धूत होता. मराठी माणसाचं पानिपतला आणखी काय होणार, असं म्हणून त्यांनी पापड खाल्ला आणि गाडीत बसल्या. आता तीच सेवा बोटीवर करायची होती, हलत्या जमिनीवर, आणि मुलांनी हौसेने घडवली म्हणून तोंड हसरं ठेवून.

"तर मग बुफे," अनिश म्हणाला. "आई, तुला चालेल ना?"

हे विचारेपर्यंत टीव्हीवर बुफेसमोर हिरवी खूण उमटलीसुद्धा होती. यावर 'मला काय, कुठेही चालेल' असं म्हणायचं असतं आणि चहाच्या कपबशा उचलायच्या असतात. अहिल्याबाई बसून राहिल्या.

"नाही चालणार," त्या म्हणाल्या. "मला खाली जेवायचंय. आणून देतात तिथे."

अनिश हसला. मग आई हसत नाही हे त्याच्या लक्षात आलं. "अगं आई, तिथे पाच कोर्स असतात. किती वेळ नुसतं बसावं लागतं."

"बसेन की. सवय नाही, पण जमेल."

"आणि मी?" शांतारामरावांनी विचारलं.

"तुम्ही या बरोबर. नाहीतर वर जा. ताटं एका बाजूला रचून ठेवलेली असतात. व्हिडिओत दिसतात."

"काहीतरीच काय बोलतेस. तुला एकटीला जेवण जाईल तरी का?"

बायकोला एकटीला जेवण जातं का, हे तो माणूस विचारत होता ज्याने तिला घरात जेवताना कधी बघितलंच नव्हतं. पालथ्या घड्यावर किती पाणी ओतायचं, त्यालाही मर्यादा असते.

वल्लरीने हिरवी खूण काढून टाकली. "ओके आई, मेन डायनिंग. टेबल किती जणांचं करू? दोघांचं ना? मस्त रोमँटिक होईल."

अहिल्याबाई तोंड उघडून थांबल्या. हो म्हणायचंच त्यांच्या ओठांवर होतं. नवऱ्याबद्दल त्यांच्या मनात उरलेला आदर एका चमच्यात मावला असता. तरी त्या टेबलाशी समोरच्या खुर्चीत कोणी बसलेलं त्यांना दिसत होतंच, आणि दुसरं कोणी तिथे बसवायचं त्यांना सुचत नव्हतं. या गोष्टीचा त्यांना स्वतःचाच राग आला.

"थांब जरा," त्या म्हणाल्या. "जेवण झाल्यावर सांगते."

वल्लरीकडची स्वयंपाकाची बाई स्वयंपाक करून केव्हाच गेली होती. राजमा, पनीर, भात, डब्यात पोळ्या, चिरून ठेवलेला कांदा आणि लिंबू, सगळं ओट्यावर ओळीने मांडलेलं होतं. "चलो, बुफेची रंगीत तालीम," अनिश म्हणाला आणि ताट घ्यायला उठला. जयदीप उठला, वल्लरी उठली. शांतारामराव डायनिंग टेबलाच्या टोकाच्या खुर्चीत जाऊन बसले आणि रिकाम्या टेबलावर हात ठेवून वाट बघू लागले. अहिल्याबाई त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसल्या. गुडघे सवयीने उठायला निघाले होते, ते त्यांनी दोन्ही हातांनी दाबून धरले.

शांतारामरावांनी स्वयंपाकघराकडे बघितलं. तिकडून कोणी येईना. मग त्यांनी समोर बघितलं.

"वाढतेस ना?"

"आज बुफे आहे," अहिल्याबाई म्हणाल्या.

"मी देतो बाबा," जयदीप पुढे झाला.

"तू जेव," अहिल्याबाई म्हणाल्या, आणि त्या आवाजाने जयदीप आपलं ताट घेऊन गप बसला.

शांतारामराव उठले. आधी चमच्यांचा खण उघडला, मग कचऱ्याचा डबा असलेलं दार उघडलं, मग ताटं ओट्यावर समोरच आहेत हे त्यांना दिसलं. त्यांनी एक ताट घेतलं. दोन पोळ्या काढल्या, राजमा वाढला, थोडा ओट्यावर सांडला. पनीर घेतलं. सगळ्यांचं खाणं थांबलं होतं. वल्लरीने हळूच अनिशला कोपराने ढोसलं, फोन वर धरला आणि पुटपुटली, "सो क्यूट." शांतारामराव जायला वळले, पुन्हा मागे फिरले, आणि लिंबाची एक फोड उचलून त्यांनी ताटात डावीकडे नीट ठेवली.

ती फोड अहिल्याबाईंनी बघितली. लिंबू ते खात नाहीत. लिंबू खाणारं त्या घरात एकच माणूस होतं. म्हणजे त्यांना ठाऊक होतं. कधी तरी त्यांनी बघितलं होतं, लक्षात ठेवलं होतं, आणि इतकी वर्षं सांगितलं नव्हतं. शांतारामराव ताट दोन्ही हातांत धरून, जपून, एकेक पाऊल टाकत टेबलाकडे आले. अहिल्याबाईंच्या खुर्चीपाशी ते क्षणभर थांबले. अहिल्याबाईंनी आपल्या पुढ्यातला पाण्याचा ग्लास बाजूला सरकवून ताटाला जागा केली.

ते त्यांना वळसा घालून पुढे गेले, टोकाच्या खुर्चीत बसले आणि ताट आपल्यापुढे ठेवलं. पोळीचा तुकडा मोडला, राजम्यात बुडवला, चावला.

"मीठ कमी आहे," ते म्हणाले.

मग रोजच्यासारखी त्यांनी लिंबाची फोड बोटाने ताटाच्या कडेला सारली. ताटात असते म्हणून त्यांनी ती ठेवली होती. वल्लरीने फोन खाली घेतला आणि राजम्याकडे बघत राहिली. अनिशने घसा साफ केला. अहिल्याबाईंना नवऱ्याची कीव आली नाही आणि रागही आला नाही. ओट्यापासून टेबलापर्यंतच्या तेवढ्या अंतरात या माणसावर आपण विश्वास ठेवला, याची त्यांना लाज वाटली.

सरकवलेला ग्लास त्यांनी पुन्हा पुढ्यात ओढला.

"वल्लरी," त्या म्हणाल्या, "एकाचं कर. खिडकीजवळचं मिळालं तर बघ."

वल्लरीने एकदा सासऱ्यांकडे बघितलं आणि फोनवर बोट टेकवलं. "मिळालं," ती हळू आवाजात म्हणाली.

"अगं, पण मग मी कुठे जेवायचं?" शांतारामरावांनी विचारलं. त्यांच्या आवाजात खरंच काळजी होती.

"वर. आता येतं की तुम्हाला."

अहिल्याबाई उठून ओट्याशी गेल्या. जयदीप म्हणाला, आई, बाबांच्या ताटातलं लिंबू तसंच आहे, वाया जाईल. अहिल्याबाईंनी फ्रिज उघडला, एक आख्खं लिंबू काढलं आणि विळी मिळेना म्हणून सुरीने चिरलं. मग ताट वाढून घेतलं, आपल्या खुर्चीत येऊन बसल्या आणि सगळ्यांच्या देखत जेवायला लागल्या. शांतारामरावांची दुसरी पोळी संपत आली होती आणि ते स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होते.